कव्हरवालीची कॅसेट

कव्हरवाली मापं घ्यायला कुणाच्याही घरी गेली, की सोफ्याकडे बघायच्या आधी दाराची कडी बघायची. आपल्या घराची नव्हे, त्यांच्या. "सैल आहे हो. उद्या कुणी बाहेरून सळई घातली तर?" एवढं बोलून झालं की मग गळ्यातली टेप काढून ती सोफ्याच्या पाठीला लावायची. घरमालकीण पुढे दोन रात्री नीट झोपायची नाही. पण कव्हर मात्र असं बसायचं, की सोफा ते अंगावर घेऊनच जन्माला आला असावा.

सव्वीस वर्षं ती कव्हरं शिवत होती. फ्रिजची, मिक्सरची, गाद्यांची, एकदा तर पियानोचं. "उघडी वस्तू म्हणजे आमंत्रण," हे तिचं ठरलेलं वाक्य. धुळीला आमंत्रण, उन्हाला आमंत्रण, आणि माणसाच्या नजरेला तर सगळ्यात आधी. घरात साखरेच्या डब्यात ती चमच्याच्या दांड्यानं एक रेघ ओढून ठेवायची. रेघ मोडली म्हणजे कुणीतरी हात घातला. डॉक्टर हसून बोलला तर काहीतरी लपवतोय, गंभीर बोलला तर उगाच घाबरवतोय. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि कामापुरतं बोलायचा. "तुझ्या मनातली पाल झोपते तरी कधी?" असं वर्षातून एकदा विचारायचा, आणि उत्तराची वाट न बघता पान्हे पुसायला बसायचा.

ती पाल एकाच वेळी गप्प असायची. कव्हरवाली गात असताना.

मशीनच्या पायट्यावर पाय चालू झाला की तिला शब्द सुचायचे, शब्दांच्या मागोमाग चाल. चार वर्षांपूर्वी धाकटा दीर गादीचं कव्हर न्यायला दुकानात आला, आणि दारातच थबकला.

"वहिनी, हे कुणाचं?"

"कशाचं कुणाचं?"

"गाणं."

"माझंच. का? कुणी काही बोललं का?"

दिराचं काम दातांचं. कवळ्या बनवतात तिथे तो मेणात एकेक दात बसवायचा. त्यामुळे बारीक कामाचा आणि सोसण्याचा त्याला सराव होता. परदेशी निघालेल्या एका बँडवाल्याकडून त्यानं एक यंत्र घेतलं होतं. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. चपटी पेटी, वर चार सरकत्या दांड्या, चार थरथरते काटे, आणि मध्ये आपली साधीच कॅसेट.

"बघा वहिनी, साध्या टेपमध्ये कॅसेटच्या दोन बाजू असतात. इकडून दोन ओळी, उलटी केली की तिकडून दोन. हे यंत्र चारही ओळी एकाच बाजूनं, एकदम वापरतं. पहिल्या ओळीवर ताल, दुसरीवर माझी गिटार, तिसरीवर तुम्ही, चौथीवर परत तुम्हीच. म्हणजे या कॅसेटला मागची बाजूच नाही."

"मागची बाजू नाही अशी वस्तू मी अजून पाहिली नाही, भाऊजी," कव्हरवाली म्हणाली, आणि तिनं यंत्राचं माप घेतलं. पुढच्या रविवारी कव्हर तयार. चारही दांड्यांसाठी चार झडपा.

मग दर रविवारी दुपारी जेवणं झाली की दिराच्या खोलीत कारखाना सुरू. खिडकीला घोंगडी. कपाटाचं दार उघडं, आत कोटांच्या मधोमध मायक्रोफोन लटकवलेला, आणि दिराच्या शर्टांमध्ये तोंड खुपसून उभी कव्हरवाली. दीर जुन्या सुटकेसवर बोटांनी ताल धरायचा. वरच्या मजल्यावरची मुलगी दोरीवरच्या उड्या मारायला लागली की सगळं पुसून पहिल्यापासून. असं करत चार वर्षांत अकरा गाणी झाली. कुणाला ऐकवायची नव्हती, कुठे पाठवायची नव्हती. पण ती झाली होती.

दोन वर्षांपूर्वी दिराचं लग्न झालं आणि कारखान्याच्या दारात एक स्टूल आलं. स्टुलावर धाकटी जाऊ. डोळ्यांच्या दवाखान्यात ती खिडकीवर बसून नंबर लावायची. गळा चांगला, शिकलेला. कव्हरवाली चौथ्या ओळीवर स्वतःलाच वरच्या सुरात साथ द्यायला लागली, की स्टुलावरून तोच सूर बारीक आवाजात यायचा. एकदा ती म्हणाली, "ताई, वरचा आवाज मी घेऊ का? तुमचं तुम्हीच दोन्हीकडून गाता ते म्हणजे..."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एकट्यानं पत्ते खेळल्यासारखं."

जाऊ हसली, दीर हसला. कव्हरवालीही हसली, आणि ते वाक्य तिनं घडी घालून मनात ठेवून दिलं.

मग गळ्यात गाठ निघाली.

"काढावी लागेल," डॉक्टर म्हणाले. "आवाज थोडा बदलू शकतो."

"थोडा म्हणजे किती?"

"ते नंतरच कळेल."

"तुम्हाला माहीत आहे आणि सांगत नाही, की तुम्हालाच माहीत नाही?"

डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी बारावं गाणं झालं. तिच्या धंद्याचंच होतं ते:

झाकून ठेवलं घर सगळं,
धूळ तरी आली कुठून?
दारं-खिडक्या बंद, बाई,
वारा गेला भेटून.

तिसऱ्या ओळीवर एका दमात उतरलं. चौथीवर वरचा सूर, तोही पहिल्याच झटक्यात. दिरानं यंत्र थांबवलं. "वहिनी, असं एकदाच येतं," तो म्हणाला. आता फक्त चारही ओळी तोलून साध्या कॅसेटवर उतरवायच्या बाकी होत्या. पण दिराचा दुसरा टेप दुरुस्तीला गेला होता.

"परत आल्यावर करू. कॅसेट इथंच राहू दे."

कव्हरवालीनं स्टुलाकडे पाहिलं. जाऊ नखं कुरतडत होती. आपण हॉस्पिटलात, कॅसेट इथे, यंत्र इथे, आणि चौथ्या ओळीवर डोळा असलेलं माणूसही इथेच.

"नको," ती म्हणाली. "माझ्याकडे बरी."

घरी आल्यावर तिनं आणखी एक शहाणपणा केला. कॅसेटवर दिरानं लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'उलट बाजूनं लावू नये'. असल्या चिठ्ठीनं तर बघणाऱ्याचं कुतूहल चाळवणारच! तिनं ती नखानं खरवडून काढली, नवी चिकटवली आणि वर लिहिलं, 'जुनी मापं'. मग कॅसेट कापडी बटव्यात घातली, बटव्याचं तोंड दोऱ्यानं शिवून टाकलं आणि तो अस्तरांच्या गठ्ठ्याखाली सारला.

हॉस्पिटलात आठ दिवस गेले. ते आठही दिवस धाकटी जाऊ दवाखान्यातली नोकरी सांभाळून थोरल्यांच्या घरी राहिली, स्वयंपाक केला, डबे पोहोचवले. कव्हरवालीला बोलायची बंदी होती. ती पाटीवर लिहायची, 'कपाट उघडलंस?' जाऊ म्हणायची, "टॉवेल काढायला."

आवाज परत आला तो तिचा नव्हता. जाड, खरबरीत, वरच्या सुरापाशी पोचला की फाटणारा. दुकानात फोन आला आणि ती "हॅलो" म्हणाली, तर पलीकडून विचारणा झाली, "दादा, कव्हरवाल्या ताई आहेत का?"

"नाहीत," असं म्हणून तिनं फोन ठेवला. नंतर मशीनवर बसली. पाय चालत होता. तोंड मिटलेलं होतं.

तेव्हापासून तिला एकच ध्यास. ती कॅसेट. जुना आवाज आता गळ्यात नव्हता. बाकीच्या अकरा गाण्यांत होता, पण चाचपडत, चुकत. ज्या दिवशी तो पुरता तिचा होता, तो दिवस त्या एका कॅसेटवर होता.

दीड महिन्यानं दिराचा निरोप आला, टेप आला, या. तिनं गठ्ठ्याखालून बटवा काढला, उसवायला कात्री लावली आणि हात थांबला. तिचे टाके इंचाला आठ पडतात, झोपेतसुद्धा. हे पाच होते. दोरा तिचाच, बटवा तिचाच, टाके परके.

नवऱ्याला ती काही बोलली नाही. दिराकडे पोचली तेव्हाही तिनं ताकास तूर लागू दिली नाही. जाऊनं पाणी दिलं, ते तिनं घेतलं. "घसा कसा आहे ताई?" "आहे." दिरानं कॅसेट घातली, पहिली दांडी वर सारली. सुटकेसचा ताल. दुसरी. गिटार. मग तिसरी.

तिसऱ्या ओळीतून एक भलताच आवाज आला. जड, ओढल्यासारखा, शब्द नसलेला. प्रत्येक सूर आधी फुगत जाऊन मग झटक्यात तुटत होता. बाईचा की पुरुषाचा तेही कळेना. चौथ्या ओळीवरही तेच. कव्हरवालीचा मागमूस नव्हता.

"हे काय आहे?" जाऊचा हात तोंडाशी गेला.

दिरानं यंत्र थांबवलं, कॅसेट काढून उलटसुलट बघितली. "वहिनी, ही चिठ्ठी कुणी बदलली? ही कॅसेट कुणीतरी साध्या टेपमध्ये घातली आहे. उलट्या बाजूनं वर काहीतरी भरलंय. ते आपल्या तिसऱ्या-चौथ्या ओळीवर बसलं, म्हणून इथे उलटं वाजतंय. खालचं पुसलं गेलं."

"कुणीतरी नाही," कव्हरवाली म्हणाली. जाड आवाज खोलीभर झाला. "माझ्या घरात तेव्हा कोण होतं ते विचारा."

"म्हणजे... मी?" जाऊ म्हणाली.

"तुला चौथी ओळ हवी होती. मागून मिळाली नाही."

"ताई, मी हातसुद्धा..."

"माझ्या आजारपणात, माझ्याच घरात येऊन, माझाच आवाज पुसलास. माझा आवाज बदलेल हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. म्हणजे राहिलं कोण? तू!"

"आठ दिवस राबले हो तुमच्याकडे!" जाऊचे डोळे भरले, पण आवाज चढला. "साखरेतली तुमची रेघसुद्धा राखली! साखर काढली की परत होती तशी ओढून ठेवायचे!"

"म्हणजे मोडलीस!"

"अहो, चहा कशात करायचा होता मग?"

"वहिनी, थांबा," दीर मध्ये पडला. "टेप आहे इथे. उलटी फिरवून ऐकू. काय भरलंय ते तरी कळेल."

"फिरवायचं काही राहिलेलं नाही." तिनं त्याच्या हातातून कॅसेट घेतली. "मला खिडकीवर बसून दुसऱ्यांचे नंबर लावता येत नाहीत, पण माणूस कळतं."

जिना उतरताना तिला वाटलं होतं की बरं वाटेल. आपला संशय खरा ठरला की माणसाला निदान तेवढं सुख मिळतंच. पण रस्ताभर ती कॅसेट मुठीत उलटसुलट करत राहिली.

घरी नवरा मोरीत हात धूत होता. तिनं कपाटावरचा जुना टेप खाली काढला. चोरी बघायचीच तर डोळ्यांदेखत. आधी सरळ बाजू लावली. सुटकेस आणि गिटार, मध्ये गाण्याची नुसती रिकामी जागा. मग कॅसेट उलटी केली.

मोठी पोकळ घुमणारी जागा. कुठेतरी मोटार गुणगुणतेय. कुणीतरी खाकरलं. आणि एक पुरुषी गळा, अर्ध्या सुरानं खाली, जपून जपून गायला लागला: झाकून ठेवलं घर सगळं...

दुसऱ्या शब्दालाच तिनं ओळखलं. मोरीतला नळ बंद झाला.

आवाज बेसूर होता यात वाद नाही. पण 'दारं' म्हटल्यावर ती घेते तिथेच त्यानं श्वास घेतला होता. 'बाई' हा शब्द ती जरा ओढते; तोही तसाच ओढलेला. एवढी वर्षं पान्हे पुसताना हा माणूस काय करत होता?

नवरा दारात येऊन उभा राहिला. ओल्या हातांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"अहो, मी विचारते आहे. हे तुम्ही?"

"अजून काही विचारलं नाहीस," तो म्हणाला. मग म्हणाला, "मीच."

"बटवा?"

"परत शिवला. तुझे आठ पडतात, मला पाचच जमले."

"का उघडलात?"

तो खाली बसला. "तू हॉस्पिटलात होतीस. डॉक्टर म्हणाले, आवाजाचं सांगता येत नाही. मला तुझा ऐकायचा होता. कॅसेटवर 'जुनी मापं' कोण लिहितं गं? मी लगेच ओळखलं. लावली, तर नुसती गिटार. तू कुठेच नाहीस. उलटी करून लावली, तर... कुणीतरी गुदमरतंय असा आवाज. तुझ्यासारखा वाटला. मी घाबरलो. म्हटलं, गाणं काही उतरलंच नाही, ही बाजूही बिघडली. आणि तू मुकी होऊन आलीस तर हे गाणं जाणार. तू घरात गुणगुणायचीस, म्हणून चाल माझ्या कानात होती. लिफ्टच्या खड्ड्यात मी एकटाच असतो, तिथे आठ दिवस घोकलं. शेवटच्या दिवशी टेप वर लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत नेला आणि त्या बिघडलेल्या बाजूवर भरून टाकलं. मला येतं तसं."

"ती बिघडलेली नव्हती," कव्हरवाली म्हणाली. "तो माझा आवाज होता. उलटा."

मग तिनं त्याला समजावलं, दिरानं तिला समजावलं होतं तसंच. चार ओळी, एक दिशा, मागची बाजू नाही. ते नवऱ्याच्या लक्षात येत गेलं तसतसा तो भिंतीला टेकत गेला. "चिठ्ठीवर काही लिहिलेलं नव्हतं," तो एकदाच पुटपुटला.

"होतं. मी खरवडलं."

टेपमध्ये तो अजून गातच होता. शेवटच्या ओळीला भारदस्तपणे घसरला. दोघांपैकी कुणी बंद केला नाही.

मग नवऱ्यानं विचारलं, "धाकटीला काही बोललीस?"

"बोलले."

"किती?"

"साखरेसकट."

दोन दिवस ती दिराच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी दुकान बंद ठेवलं आणि सरळ डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. भिंतीलगत बाकांवर माणसं बसलेली, डोळ्यांत थेंब घातलेली, सगळ्यांची डोकी मागे टेकलेली आणि डोळे घट्ट मिटलेले. काचेच्या खिडकीमागे जाऊ. मध्ये घुसायची हिंमत होईना, म्हणून कव्हरवालीनं नंबर घेतला. सत्तावीस.

"सत्तावीस!" जाऊनं वर न बघता हाक मारली. मग बघितलं. "काय होतंय डोळ्यांना?"

"दिसत नाही नीट."

"जवळचं की लांबचं?"

"जवळचं."

"नाटकं नकोत ताई, मागे माणसं आहेत."

"ते यांनी केलं होतं," कव्हरवाली काचेच्या भोकाशी तोंड नेऊन म्हणाली. "तुझ्या मोठ्या भाऊजींनी. मुद्दाम नाही. तू नव्हतीस. मी... तू नव्हतीस."

"ते मला माहीत होतं मी नव्हते ते." जाऊनं एक कागद उगाच सरळ केला. "मोठे भाऊजी गातात?"

"गात नाहीत. पण गायले."

जाऊच्या ओठांचा कोपरा हलला आणि पुन्हा जागेवर गेला. तिला इतक्यात हसायचं नव्हतं.

"ताल आहे, गिटार आहे," कव्हरवाली म्हणाली. "तिसरी-चौथी मोकळी करायची. तू गा. दोन्ही तूच गा. गळा तुझा चांगला आहे, ते मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

"म्हणून तर झोप येत नव्हती."

जाऊनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या जागी मी गाणार नाही. वरचं धरीन. खालचं तुम्ही."

"या आवाजात? फोनवर मला दादा म्हणतात."

"मग दादा गातील. आणि कॅसेट आमच्याकडे राहील. शिवूनबिवून नाही. उघडी, टेबलावर."

कव्हरवालीनं पिशवीचा बंद मुठीत आवळला. मग कॅसेट काढून काचेखालच्या फटीतून आत सरकवली. जाऊनं ती कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवली. तिथे कुणाचाही हात सहज पोचला असता.

"आता एक ओळ म्हणा," जाऊ म्हणाली.

"इथे?"

"कुणी बघत नाहीये. बघा ना."

खरंच कुणी बघत नव्हतं. बाकांवर ओळीनं मिटलेले डोळे. ऑपरेशनपासून ती मशीनवरसुद्धा गायली नव्हती. तिनं गळ्यावरच्या वणावर दोन बोटं ठेवली आणि सुरुवात केली. आवाज जाड निघाला, पहिल्याच शब्दाला अडखळला, पण खाली जाऊन कुठेतरी टेकला. शेवटच्या बाकावरचा म्हातारा मिटल्या डोळ्यांनीच शेजारच्याला म्हणाला, "कोण गातंय ते? जरा जोरात म्हणा म्हणावं त्यांना."

दुसऱ्या ओळीला आवाज फाटायला आला, तेवढ्यात काचेपलीकडून वरचा सूर मिसळला. जाऊ अठ्ठाविसाव्या पेशंटचा कागद भरत होती, मान खाली घालून. वळण चुकत नव्हतं, 'बाई' नेमकं तेवढंच ओढलं जात होतं.

हिला एवढं पाठ कसं? कव्हरवालीच्या मनात आलं. हे गाणं तर हिच्यासमोर एकदाच झालं होतं, तेही ऑपरेशनच्या दोन दिवस आधी. मग हिनं कधी घोकलं? कुठे? आणि कशाला?

विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडात तिसरी ओळ होती.